देव नोटेवर, पण शाळेत नाही: अमेरिकेतलं धर्मस्वातंत्र्य आणि धर्मवेड – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहतो आणि इथल्या एका देवळाच्या समितीवर बरीच वर्षं आहे. वकील नाही. पण दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आई-वडील तिकडून येतात, संध्याकाळी चहाला बसतात आणि तेच प्रश्न विचारतात. नव्यानं आलेल्या पोरांचेही प्रश्न तेच. म्हटलं, एकदा लिहूनच काढू.

अमेरिका ख्रिश्चन देश आहे ना? नोटेवर देव आहे, राष्ट्राध्यक्ष बायबलवर हात ठेवतात.

डोकी मोजली तर आहे, घटना वाचली तर नाही. १७८७ च्या मूळ घटनेत, शेवटी तारीख लिहिताना येणारं ‘आपल्या प्रभूचं वर्ष’ सोडलं, तर देवाचं नाव नाही. उलट सहाव्या कलमात लिहून ठेवलंय की केंद्र सरकारच्या कोणत्याही पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही. बायबलवरचा हात हा रिवाज आहे, कायदा नव्हे. खासदार तुलसी गॅबर्ड यांनी २०१३ मध्ये गीतेवर शपथ घेतली. त्याआधी, २००७ मध्ये, कीथ एलिसन यांनी कुराणावर घेतली होती, आणि ती प्रतही खुद्द थॉमस जेफरसनच्या, म्हणजे अमेरिकेच्या तिसऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या, संग्रहातली.

नोटेवरचा देव तर अगदी अलीकडचा. ‘इन गॉड वुई ट्रस्ट’ नाण्यांवर १८६४ पासून होतं, पण राष्ट्राचं बोधवाक्य झालं १९५६ मध्ये. झेंड्याच्या प्रतिज्ञेत ‘देवाच्या छत्राखाली’ हे शब्द घुसले १९५४ मध्ये. समोर रशिया होता, कम्युनिस्ट नास्तिक म्हणून आपण आस्तिक, असा तो हिशेब. आजोबांच्या काळचा देव्हारा वाटावा, आणि हात लावल्यावर कळावं की हे शीतयुद्धातलं फर्निचर आहे, तसा प्रकार.

पण लोक धर्मस्वातंत्र्यासाठीच तर युरोपातून पळून आले?

स्वतःच्या धर्मस्वातंत्र्यासाठी आले. दुसऱ्याच्या नव्हे. मॅसॅच्युसेट्सच्या प्यूरिटन या कडव्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाला हुसकलं, त्यानं १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं. १६६० मध्ये बोस्टनमध्ये मेरी डायर या बाईला फाशी दिलं. गुन्हा काय, तर ती क्वेकर पंथाची होती आणि हद्दपार केल्यावरही परत परत आली. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठी सक्तीचा कर १८३३ पर्यंत चालू होता.

मग कायदा नेमका काय म्हणतो?

१७९१ ची पहिली घटनादुरुस्ती. धर्माबद्दलचे तिच्यात इंग्रजीचे जेमतेम सोळा शब्द आहेत. अर्थ असा: काँग्रेस कोणताही धर्म सरकारी म्हणून बसवणारा कायदा करणार नाही, आणि कुणाला आपला धर्म पाळायला बंदीही करणार नाही. गेली ऐंशी-नव्वद वर्षं सगळी भांडणं या दोन अर्ध्यांमधली आहेत.

ऐंशी-नव्वदच का? कारण आधी ही दुरुस्ती फक्त केंद्राला लागू होती, राज्यं मोकळी होती. राज्यांनाही ती बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९४० आणि १९४७ मध्ये ठरवलं. १९४० चा खटला ऐका. यहोवाचे साक्षीदार म्हणून एक पंथ आहे, दारोदार फिरून पत्रकं वाटणारा. त्यातल्या एका बापलेकांनी न्यू हेवनमधल्या कॅथलिक वस्तीत, भर रस्त्यात, फोनोग्राफवर कॅथलिक चर्चला शिव्या घालणारी तबकडी वाजवली. लोक चिडले, पोलिसांनी पकडलं. न्यायालय म्हणालं, सोडा त्यांना.

‘चर्च आणि राज्य यांच्यातली भिंत’ हे शब्द घटनेत नाहीत. ते जेफरसननं १८०२ मध्ये लिहिलेल्या एका पत्रातले आहेत. आणि पत्र कुणाला? नास्तिकांना नव्हे, कनेटिकटमधल्या बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना. तिथं दुसऱ्याच पंथाचं चर्च सरकारी होतं आणि बाप्टिस्ट मेटाकुटीला आले होते. भिंत हवी होती ती भाविकांनाच.

म्हणजे आपल्यासारखीच धर्मनिरपेक्षता?

नाही, आणि इथंच आपल्या लोकांची गाडी घसरते. आपल्याकडे सरकार देवळात शिरू शकतं. पंढरपूरच्या मंदिरासाठी १९७३ चा कायदा आहे, सिद्धिविनायकासाठी १९८० चा, विश्वस्त सरकार नेमतं. देवळं सगळ्या हिंदूंना खुली करणारा कायदा सरकारला करता येतो, असं घटनाच सांगते. अमेरिकेत न्यू जर्सीच्या गव्हर्नरनं आमच्या देवळावर एक विश्वस्त नेमायचा म्हटलं तर दुसऱ्या दिवशी खटला उभा राहील, आणि गव्हर्नर हरेल. पुजारी कोण ठेवायचा, कोण काढायचा, हेही इथं न्यायालय बघत नाही. २०१२ मध्ये नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी ते पक्कं केलं. याची दुसरी बाजू अशी की देवस्थानच्या आत कुणावर अन्याय झाला तर दाद मागायचा रस्ताही अरुंद असतो. ते कुणी सांगत नाही.

शाळेत प्रार्थना बंद म्हणजे मुलांना देवाचं नावही घेता येत नाही का?

खुशाल घेता येतं. गणिताच्या पेपरआधी सगळी शाळा घेते. बंदी आहे ती शाळेनं, म्हणजे सरकारनं, प्रार्थना घ्यायला. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळानं बावीस शब्दांची एक गुळगुळीत प्रार्थना लिहून दिली होती, कुणालाच टोचू नये अशी. १९६२ मध्ये न्यायालय म्हणालं की प्रार्थना लिहिणं हे सरकारचं कामच नाही. पुढच्या वर्षी वर्गातलं बायबलवाचनही गेलं.

हल्ली वारं उलटं आहे. वॉशिंग्टन राज्यातला फुटबॉलचा एक प्रशिक्षक सामना संपला की मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून प्रार्थना करायचा, मुलंही भोवती जमायची. शाळेनं हटकलं. २०२२ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी तो जिंकला. न्यायालयाच्या मते ती त्याची खाजगी प्रार्थना होती. माझ्या मते ज्याच्या हातात मुलाला संघात घेणं-न घेणं आहे, त्याची मैदानाच्या मधोमध केलेली प्रार्थना खाजगी कशी, हे कोडंच आहे. २०२४ मध्ये लुइझियानानं प्रत्येक सरकारी वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञा लावायचा कायदा केला. तसाच केंटकीचा कायदा न्यायालयानं १९८० मध्ये रद्द केला होता. खटला लगेच झाला, हे सांगायला नको.

आणि योग? तो तर धर्म नाही.

हे वाक्य इथल्या न्यायालयात जपून म्हणावं. सत्तरच्या दशकात आमच्याच न्यू जर्सीत काही सरकारी हायस्कुलांमध्ये महर्षी महेश योगींचं भावातीत ध्यान शिकवायला घेतलं. चालवणारे म्हणत होते, हे शास्त्र आहे, धर्माचा संबंध नाही. पण मंत्र मिळण्याआधी मुलानं एक समारंभ करायचा होता. येताना फुलं, फळं आणि पांढरा स्वच्छ रुमाल आणायचा. समोर गुरूंची तसबीर, शिक्षक संस्कृतात काहीतरी म्हणणार. ते ‘काहीतरी’ म्हणजे पूजा होती, आणि तिच्यात आपण शाळेत घोकलेलं ‘गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः’ही होतं. १९७९ मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं: हा धर्म आहे, शाळेत चालणार नाही. आपल्यातल्या कुणाही आजीनं एका मिनिटात हेच सांगितलं असतं.

नुसता व्यायाम म्हणून मात्र योग चालतो. कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटासमध्ये काही पालकांनी हरकत घेतली, तिथल्या न्यायालयानं २०१५ मध्ये ती फेटाळली. अलाबामात १९९३ पासून सरकारी शाळांत योगावर बंदी होती. ती २०२१ मध्ये उठली, पण अटी बघा: आसनांची नावं इंग्रजीतच हवीत आणि ‘नमस्ते’ म्हणायचं नाही.

देऊळ बांधायला त्रास होतो का?

बांधायला नाही, परवानगीला होतो. आमच्या वेळची गोष्ट सांगतो, गावाचं नाव घेत नाही. टाउनशिपच्या हॉलमध्ये झोनिंग बोर्डाची, म्हणजे कुठं काय बांधायचं ते ठरवणाऱ्या मंडळाची, सुनावणी होती. दीडशे लोक, निम्मे आमचे, निम्मे शेजारी. धर्माबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं, सगळे ‘ट्रॅफिक’ म्हणत होते. पार्किंगच्या किती जागा, रविवारी किती गाड्या, शंखाचा आवाज कुंपणाबाहेर जाईल का. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारबुवा उठले आणि सरळ विचारलं, “तुम्ही तिथं प्राणी कापणार का?” आमच्या समितीतले तुपातल्या शिऱ्याचे पुजारी लोक, ते बिचारे शहारलेच. “छे छे, आम्ही शुद्ध शाकाहारी!” असं अध्यक्ष घाईघाईनं म्हणाले.

बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, “तसं म्हणायची गरज नव्हती. कापत असतात तरी तो तुमचा हक्क असता.” मग त्यांनी फ्लोरिडातल्या हायालियाचा खटला सांगितला. तिथं सांतेरिया नावाचा, क्यूबातून आलेला एक पंथ आहे. त्यांच्यात कोंबड्या-बकऱ्यांचा बळी देतात, आपल्याकडे काळूबाईला द्यायचे तसा. त्यांचं मंदिर होणार म्हटल्यावर गावानं १९८७ मध्ये बळीविरुद्ध नियम केले. पण कसे? खाटीकखाना चालू, शिकार चालू, मासेमारी चालू, बंदी फक्त विधीसाठी मारण्यावर. १९९३ मध्ये न्यायालयानं एकमतानं ते नियम फेकून दिले. एकाच धर्माला नेम धरून कायदा करायचा नाही, हे सूत्र त्या कोंबड्यांनी मिळवून दिलं.

आमच्या देवळाला शेवटी उपयोगी पडला तो २००० सालचा केंद्रीय कायदा. झोनिंगच्या नावाखाली प्रार्थनास्थळं अडवू नयेत म्हणून केलेला. त्याच्या नावात दुसरा अर्धा भाग कैद्यांचा आहे: देवळं आणि तुरुंग एकाच कायद्यात. २०१५ मध्ये आर्कान्सातल्या एका मुस्लीम कैद्यानं त्याच कायद्यावर अर्धा इंच दाढी ठेवायचा हक्क मिळवला, तोही नऊ-शून्यनं. तबकडीवाले, कोंबडीवाले, दाढीवाला कैदी – आमच्या गाभाऱ्याखाली पाया म्हणून ही मंडळी आहेत. वर्गणी देणाऱ्या कितीकांना हे आवडेल, सांगता येत नाही.

अतिरेकी विचारांवर अमेरिका बंदी का घालत नाही?

कारण तिथं विचार गुन्हा नाही. कशावरही विश्वास ठेवा, तो चौकात ओरडून सांगा. १९६९ मध्ये ओहायोतल्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवादी संघटनेच्या एका पुढाऱ्याचा खटला आला. जळता क्रॉस, बुरखे, सूडाची भाषा. न्यायालयानं त्याची शिक्षा रद्द केली. लगेच, तिथल्या तिथं बेकायदा कृत्य घडावं म्हणून चिथावणी दिली, आणि ते घडण्याचा संभवही असला, तरच शिक्षा करता येते, अशी रेघ मारली. २०११ मध्ये तर सैनिकाच्या अंत्ययात्रेवेळी ‘मेलेल्या सैनिकांबद्दल देवाचे आभार’ अशा पाट्या नाचवणारं एक चर्चही आठ-एकनं सुटलं. परदेशी दहशतवादी संघटनांची सरकारी यादी आहे; देशी संघटनांसाठी कायद्यात तशा यादीची तरतूद नाही.

आपल्या कानाला हे भयंकर वाटतं. मलाही काही दिवशी वाटतं.

मग ओशोंना का पकडलं? तो धर्मछळ नव्हता का?

पुण्याहून आलेल्या प्रत्येक काकांचा हा आवडता प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

१९८१ मध्ये रजनीश कोरेगाव पार्क सोडून अमेरिकेत आले. शिष्यांनी ओरेगनमध्ये सुमारे ६४ हजार एकरांचं ओसाड रान घेतलं आणि १९८२ मध्ये तिथं रजनीशपुरम नावाचं रीतसर शहर नोंदवलं: महापौर, पोलीस, सगळं. जवळच्या अँटेलोप नावाच्या चाळीसेक वस्तीच्या गावात संन्यासी राहायला गेले, मतदानानं गावाची सत्ता घेतली आणि गावाचं नाव बदलून ‘रजनीश’ केलं. इथवर बेकायदा काही नाही. मतं होती, मिळाली.

छळ झाला का? झालाही. आसपासच्यांचा द्वेष उघड होता, आणि १९८३ मध्ये पोर्टलंडमधल्या त्यांच्या हॉटेलात बॉम्ब फुटला. ठेवणारा एका कट्टर इस्लामी गटातला होता. पण १९८४ मध्ये काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडणुकीचा घाट घातला गेला. देशभरातून हजारो बेघर लोक बसनं आणले, मतदार म्हणून. ते जमेना, तेव्हा दुसरा मार्ग: विरोधी मतदार मतदानाला पोचलेच नाहीत तर? द डॅल्स या गावातल्या दहा हॉटेलांच्या सॅलडच्या टेबलांवर आश्रमातल्या काहींनी साल्मोनेलाचे जंतू मिसळले. कोशिंबीर, ड्रेसिंग, दुधाची भांडी. ७५१ माणसं आजारी पडली. कुणी दगावलं नाही, हे नशीब. सरकारी तपासात सुरुवातीला दोष आला हॉटेलांत अन्न हाताळणाऱ्या कामगारांवर. खरं बाहेर आलं वर्षभरानं, आश्रमातच फाटाफूट झाल्यावर. रजनीशांच्या सचिव माँ आनंद शीला जर्मनीत सापडल्या, त्यांनी गुन्हा कबूल केला आणि अडीच वर्षांच्या आतच बाहेर आल्या. रजनीशांवर विषबाधेचा नव्हे, इमिग्रेशनच्या फसवणुकीचा खटला होता. चार लाख डॉलर दंड भरून ते देश सोडून गेले आणि १९८७ मध्ये परत पुण्याला आले.

लोकांना ९३ रोल्स रॉइस आठवतात. मला राज्याच्या ॲटर्नी जनरलचा दावा आठवतो. डेव्ह फ्रॉनमायर यांनी म्हटलं, तुमचा पंथ काय शिकवतो याच्याशी मला कर्तव्य नाही. पण ज्या शहराची सगळी जमीन एका धर्मसंस्थेच्या हातात, ज्यात तिच्या परवानगीशिवाय कुणी राहू शकत नाही, ते शहर म्हणजे सरकार झालेला धर्म. त्याला सरकारी पैसा आणि पोलीस देता येणार नाहीत. न्यायालयानं ते मानलं. पहिल्या घटनादुरुस्तीचा पहिला अर्धा भाग, तोही इतक्या स्वच्छपणे लावलेला, मी दुसरीकडे पाहिला नाही.

आपल्या लोकांवर हल्ले होतात का?

होतात. १९८७ मध्ये जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ नावाची टोळी होती. डॉट म्हणजे कपाळावरचं कुंकू. भारतीयांना शहरातून घालवण्यासाठी वाटेल ते करू, असं त्यांचं पत्र स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलं होतं. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये पोरांच्या एका टोळक्यानं एका भारतीय तरुणाला मरेपर्यंत मारलं. तो पारशी होता. कुंकवाशी त्याचा काय संबंध! त्या काळातल्या एक मावशी आमच्या देवळात येतात. त्या अजूनही गाडी पार्क केल्यावर, आरशात बघून टिकली लावतात आणि निघताना काढून पर्समध्ये ठेवतात. सवय लागली म्हणतात.

११ सप्टेंबरनंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात एका शीख पेट्रोलपंपवाल्याला मुसलमान समजून गोळी घातली. ५ ऑगस्ट २०१२ ला विस्कॉन्सिनच्या ओक क्रीक गुरुद्वाऱ्यात एका गोऱ्या वंशवाद्यानं सहा जणांना मारलं. जखमी झालेले आणखी एक जण २०२० मध्ये वारले. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये नऊ, २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, अकरा. इस्लामच्या नावानं केलेले हल्लेही आहेत: सॅन बर्नार्डिनोत २०१५ मध्ये चौदा, ऑरलँडोत २०१६ मध्ये ४९. आमच्या देवळाच्या दारातही आता सणासुदीला पोलिसांची गाडी उभी असते; चपलांच्या स्टँडशेजारी.

‘ख्रिश्चन राष्ट्रवाद’ हे काय नवीन?

अमेरिका ख्रिश्चनांसाठी निर्माण झाली, म्हणून कायदाही ख्रिश्चन हवा, असं म्हणणारा विचार. नवा नाही, आवाज वाढलाय. ६ जानेवारी २०२१ ला संसदेवर चाल करून गेलेल्या गर्दीत क्रॉस होते, येशूच्या नावाचे झेंडे होते, आणि सिनेटच्या सभागृहात घुसलेल्यांनी तिथं प्रार्थना म्हटली. त्याच सिनेटमध्ये १२ जुलै २००७ ला राजन झेद पहिली हिंदू प्रार्थना म्हणायला उभे राहिले, तेव्हा गॅलरीतून ओरडून त्यांना थांबवण्यात आलं होतं. ओरडणाऱ्यांना बाहेर नेलं, प्रार्थना पूर्ण झाली. चर्चला जाणारा प्रत्येक जण असा आहे असं मात्र धरू नका. भिंत टिकावी म्हणून हिरिरीनं भांडणाऱ्यांत बाप्टिस्टही आहेत, जेफरसनला पत्र लिहिणाऱ्यांचे वारस.

सिअॅटलच्या जातीच्या कायद्याचा यात काय संबंध?

२१ फेब्रुवारी २०२३ ला सिअॅटल नगरपरिषदेनं भेदभावविरोधी कायद्यात ‘जात’ हा शब्द घातला. मांडणाऱ्या क्षमा सावंत, जन्म पुण्याचा. मतं सहा विरुद्ध एक. काही हिंदू संघटनांचं म्हणणं: यात आमच्या धर्मालाच आरोपी केलंय. आंबेडकरी संघटनांचं म्हणणं: ऑफिसात आडनाव विचारून माणूस मापला जातो, त्याला दाद हवी. कॅलिफोर्नियातही तसं विधेयक मंजूर झालं, गव्हर्नर न्यूसम यांनी ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परत पाठवलं. आधीचे कायदे पुरेसे आहेत म्हणाले. माझं मत विचाराल तर, जात हा धर्मस्वातंत्र्याचा भाग आहे असं म्हणायचं असेल तर आधी ते मोठ्यानं म्हणून बघावं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या विषयाला बंदी आहे.

केकचं प्रकरण काय होतं?

कोलोरॅडोतल्या एका बेकरीवाल्यानं दोन पुरुषांच्या लग्नाचा केक करायला नकार दिला. २०१८ मध्ये तो सात-दोननं जिंकला, पण राज्याच्या आयोगानं त्याच्या धर्माचा उपमर्द केला एवढ्याच मुद्द्यावर. २०२३ मध्ये वेबसाइट करणाऱ्या एका बाईंच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं, मात्र धर्माच्या नव्हे, अभिव्यक्तीच्या आधारावर.

गणपतीला सुट्टी मिळेल का?

मागा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार मालकानं धर्मासाठी सवलत द्यायची असते. आधी ‘थोडी गैरसोय होते’ म्हटलं की मालक सुटायचा. पेनसिल्व्हेनियातल्या एका पोस्टमननं रविवारी ॲमेझॉनची पार्सलं वाटायला नकार दिला आणि २०२३ मध्ये न्यायालयानं एकमतानं सांगितलं की धंद्यावर भरीव बोजा पडतो हे मालकानं दाखवलं पाहिजे. तेव्हा तोंडी नको, ईमेल करा, महिनाभर आधी. चतुर्थीची तारीख दर वर्षी का बदलते हे एका ओळीत लिहा, नाहीतर एचआरवाल्यांना वाटतं तुम्ही गेल्या वर्षी खोटं बोललात. गौरींसाठी वेगळा अर्ज करा. गणपतीच्या सुट्टीत त्या बसत नाहीत.